नववा नियम आणि मागच्या दाराची कडी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकसष्ट, धंदा मटणविक्री, राहणार स्वतःच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या अकलेने आणि स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवते. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. दबाव टाकणारा एकच माणूस माझ्या आयुष्यात होता आणि तो सत्तावीस वर्षांपूर्वी मेला. डॉक्टरीणबाईंनी मला सहा महिने दिले आहेत. यकृत खराब झालंय, हे त्या मला कागदावर चित्र काढून समजावत होत्या. मी म्हटलं, बाई, मी चाळीस वर्षं यकृतंच कापते आहे, चित्र राहू द्या.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. कुणी तसा कागद घेऊन आलं तर तो रद्दबातल समजावा आणि आणणाऱ्याच्या कानाखाली एक द्यावी. नको, कानाखालीचं मागे घेते. का, ते कलम सहामध्ये येईल.

कलम एक. दुकान, वरच्या दोन खोल्या आणि बँकेत जे काही असेल ते सगळं माझ्या पश्चात माझ्या भाचीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला, पूर्ण मालकी हक्काने मिळावं. तिला मटण विकायचं नसेल तर तिने फुलं विकावीत, माझी ना नाही. अट एकच. वरच्या खोलीतला मटण तोडायचा ठोकळा हलवायचा नाही. एका बुंध्याचा आहे, माझ्या आजोबांच्या वेळचा. तो खालून वर चढवताना चार माणसं लागली आणि त्यातल्या एकाच्या पायाचं नख गेलं. आता तो खाली न्यायचा म्हटलं तर जिना तोडावा लागेल.

कलम दोन. सोलायच्या सुऱ्या, हाडं कापायची करवत आणि मोठा सत्तूर हेही भाचीलाच. सत्तुराला धार लावताना पाणी कमी वापरते ती, म्हणून पातं तापतं. दहा वेळा सांगून झालं. आता लेखी सांगते.

समोरच्या कोंबडीवाल्याने माझा तराजू दोन दिवसांसाठी म्हणून नेला, त्याला एकोणीस वर्षं झाली. तो तराजू मी त्याला बक्षीस देते, कारण मी मेल्यावर तो तसाही परत करणार नाही. मात्र मेला रोज मापावर अंगठा टेकवतो हे इथे नोंदवून ठेवते.

कलम तीन. हे देण्याघेण्याचं कलम नाही, कबुलीचं आहे. माझ्या वडिलांच्या डाव्या हाताची दोन बोटं धंद्यात, हात घसरून गेली, असं गिऱ्हाइकांना सांगितलं जायचं. हात घसरला नव्हता. मी एकोणीस वर्षांची होते, भाऊ चौदाचा. त्याच्या हातून पाण्याची बादली कलंडली एवढंच निमित्त. बापाने पट्टा काढला, भावाला ठोकळ्यावर पालथा दाबला, डावा पंजा त्याच्या मानेशेजारी टेकवला आणि उजवा हात वर नेला. मी सत्तूर उचलला, दोन पावलं पुढे गेले आणि घाव घातला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. रक्त भावाच्या केसांत गेलं. सत्तूर लाकडात असा रुतला की मला तो दोन्ही हातांनी हलवून काढावा लागला. ती खाच अजून आहे. बाप ओरडला नाही. आश्चर्याने हाताकडे बघत राहिला. त्यानंतर पंधरा वर्षं आम्ही दोघांनी एकाच दुकानात काम केलं आणि त्याने कुणावर हात उगारला नाही. मला याचा पश्चात्ताप नाही. पोलिसांना आता काही करायचं असेल तर त्यांनी लवकर यावं, माझ्याकडे सहाच महिने आहेत.

भाऊ तेव्हा केसातलं रक्त धुताना एवढंच म्हणाला होता, "सहा वर्षं उशीर केलास, ताई." मला वाटलं, पोर घाबरलंय, काहीतरी बोलतंय.

कलम चार. खेळाचं सामान. बाप गेल्यानंतरच्या वर्षी डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातला कंपाउंडर एक जाडजूड पुस्तक आणि पिशवीभर फासे घेऊन आला. खेळ असा की एकाने गोष्ट चालवायची, राक्षस-लुटारू सगळे त्याचे. बाकीच्यांनी एकेक लढवय्या व्हायचं, तोंडाने सांगायचं मी हे करतो, ते करतो, आणि लागलं की नाही ते फाशाने ठरायचं. मी म्हटलं, बायकामाणसांनी दिवसभर मटण तोडायचं आणि रविवारी बसून खोटी माणसं तोडायची? पण बसले. मग बावीस वर्षं एकही रविवार चुकला नाही. गोष्ट कंपाउंडर चालवायचा. मी कुऱ्हाडवाली. भाऊ, ज्याला मी बारक्याच म्हणते, जरी तो आता छप्पन्न वर्षांचा आहे आणि बसच्या सांगाड्यांना वेल्डिंग करतो, तो ढालवाला. पुढे भाची मोठी झाली आणि तिरंदाज म्हणून आली. चार माणसं, एक ठोकळा, त्यावर चौकटी आखलेला पट आणि सोंगट्या. सोंगट्या बारक्याने वेल्डिंगच्या तुकड्यांतून केल्या आहेत. त्या सगळ्या त्याच्या. फासे भाचीला. पुस्तक कंपाउंडरने परत न्यावं.

कंपाउंडरला याहून जास्त मी काहीही देत नाही. प्रेम नाही म्हणून नव्हे. साक्षीदाराला काही दिलं की ते बाद होतं, असं वकील म्हणतात, आणि साक्षीदार म्हणून मला तोच हवा आहे.

कलम पाच. नियमांची वही. ती या मृत्युपत्राला परिशिष्ट म्हणून जोडली आहे आणि तीच माझी खरी मालमत्ता आहे.

पुस्तकात लिहिलं होतं की प्रत्येकाने आपली पाळी आली की एकदा चालायचं आणि एकदा मारायचं. झालं! ज्याने हे लिहिलं त्याने उभ्या जन्मात कोंबडीसुद्धा कापलेली नसणार. सुरी मारणं आणि सत्तूर मारणं एकच का? बरगडीत अडकलेलं पातं आपलं आपण बाहेर येतं का? दुसऱ्याच रविवारी मी पुस्तक बाजूला सारलं आणि वही उघडली.

पहिला नियम, एका पाळीला प्रत्येकाला पाच दम. जे करशील ते या पाचांत बसव. लहान सुरीचा वार एक दम, तलवारीचा दोन, कुऱ्हाडीचा तीन, कारण कुऱ्हाड आधी मागे न्यावी लागते. हाडात बसलेलं पातं ओढून काढायला एक. पोटातून काढायला काही नाही, पोट सुरी धरून ठेवत नाही. वळायला एक. हातातलं टाकून द्यायला फुकट, जमिनीवरून उचलायला एक. ओरडणं फुकट. ओरडायला दम लागत नाही असं नाही, पण ओरडल्यामुळे कुणी वाचल्याचं मी पाहिलेलं नाही, म्हणून त्याचा हिशेब धरला नाही. पावलाला एक, ओल्या फरशीवर दुप्पट. दार उघडायला एक, कडी लावायला एक. हे झाले आठ.

नववा नियम, पडलेल्या सोबत्याला उचलायला पाच. म्हणजे अख्खी पाळी.

बावीस वर्षं आमच्या ठोकळ्यावर याच नियमाने माणसं मेली. भाचीचे दोन तिरंदाज मेले. पहिल्याचा गुडघा उलटा मोडला, दुसऱ्याच्या गळ्यातून भाला आरपार गेला आणि तो पुलावर तसाच लटकत राहिला. प्रत्येक वेळी कुणीतरी एक-दोन दम उरवून शेजारी उभा असायचा आणि उचलू शकायचा नाही. पोर रडायची. "आत्या, हा नियम फार दुष्ट आहे गं," म्हणायची. मी म्हणायचे, मरण दुष्टच असतं.

आकडा पाचच का, हे कुणी विचारलं नाही. सांगते. बाप खुर्चीतून उठला की एक. बक्कल सोडलं की दोन. पट्टा कमरेतून ओढला की तीन. मग दोन पावलं. पाचव्याला पट्टा लागायचा. मी आणि बारक्या दुकानामागच्या खोलीत, टेबलाखाली बसून हे मोजायला शिकलो होतो. पाचांत काय काय करता येतं हाच आमचा लहानपणीचा खेळ. तो बोटांवर मोजायचा, मी मनात.

कलम सहा. शेवटचा डाव. चार वर्षांपूर्वीचा रविवार, दुपारची वेळ. पटावर जुनी पाणचक्की, फरशी ओली, आणि समोर चार हातांचा एक दैत्य. चांगला तास-दीड तास मारामारी चालली होती. मी त्याच्या मांडीत कुऱ्हाड घातली, हाडापर्यंत. त्याने मला उचलून जात्याच्या दगडावर आपटलं. फासा फिरला, एक आला, माझी कुऱ्हाडवाली आडवी. पाठ मोडली, तोंडातून रक्त. तिरंदाजाचा बाण दैत्याच्या डोळ्यात गेला आणि तो आंधळ्यासारखा चारही हात फिरवत सुटला. मग बारक्याची पाळी आली. तलवारीचा वार, दोन दम. एक हात खांद्यापासून खाली आला. पातं हाडातून काढलं, एक. माझ्याकडे वळला, एक. चार झाले. त्याची सोंगटी माझ्या सोंगटीच्या अगदी शेजारच्या घरात.

"एक दम उरला," बारक्या म्हणाला. "ताईला उचलतो."

कंपाउंडरने वही पुढे केली. "पाच लागतात. नववा नियम."

"अरे, शेजारीच पडली आहे ती. हात पुढे केला की झालं."

"नाही चालायचं," मी म्हणाले.

तो हसायला लागला. "अगं, मरते आहेस तू. मी तुला वाचवतोय. आणि तूच नको म्हणतेस?"

"नियम आहे. माणूस जड असतो."

त्याचं हसू थांबलं. त्याने उजवा कान माझ्याकडे केला. डाव्याने त्याला ऐकू येत नाही. "काय म्हणालीस?"

"माणूस जड असतो म्हटलं."

"मी आठ वर्षांचा होतो, ताई. वीस किलोसुद्धा नसेन. तू त्या वयात अख्खा बकरा खांद्यावर टाकून आणायचीस."

कंपाउंडर आणि पोर एकमेकांकडे बघायला लागली. मी म्हणाले, "कडी पडली होती, बारक्या. दार आपटलं आणि कडी पडली. कितीदा सांगू?"

"पडली ना? मग पडण्याआधी किती दम होते? बावीस वर्षं सगळ्या जगाचे दम मोजतेस. एकदा ते मोज की!"

आणि मी मारलं. उठून, ठोकळ्यावरून वाकून, सगळा जोर लावून. डाव्या कानावर. माझा हात अगदी बापासारखा गेला, मनगट वळवून. फासे खाली सांडले. त्याच्या ओठातून रक्त आलं. त्याने हात उचलला नाही, शिवी दिली नाही. त्याची सोंगटी धक्क्याने आडवी झाली होती, ती त्याने परत होती त्या घरात नीट उभी केली आणि जिना उतरून गेला. पोर त्याच्या मागे धावली.

त्यानंतर तो आला नाही. भाची येते, गुपचूप. मी दोनदा त्याच्या कारखान्यात गेले. दोन्ही वेळा मला बघून त्याने वेल्डिंगचा मुखवटा तोंडावर ओढला आणि ठिणग्या उडवत राहिला. मी एक तास उभी राहिले आणि परत आले. डाव तसाच पटावर आहे. मी त्यावर चादर टाकली आहे. दर रविवारी चादर काढून धूळ पुसते, एकही सोंगटी न हलवता.

कलम सात. त्याने मोजायला सांगितलं होतं. चार वर्षं टाळलं. आता मोजते.

मी तेरा वर्षांची, बारक्या आठ. दुपारी दुकान धुऊन झालं होतं. बारक्याच्या हातून पितळी माप पडलं आणि फरशीचा टवका उडाला, तसे आम्ही दोघं टेबलाखाली शिरलो. बाप जेवत होता. तो उठला. मी टेबलाखालून बाहेर आले, एक. भिंतीकडेची फरशी कोरडी होती, तिथून दाराशी गेले, दोन. दार उघडलं, तीन. उंबरठ्याबाहेर पडून वळले, चार. बारक्या माझ्या मागोमाग निघाला होता, पण तो ओल्या भागातून धावला आणि घसरला. उंबरठ्याच्या आतच, तोंडावर पडला. त्याचा हात माझ्याकडे होता. मी खाली वाकले असते तर त्याची कॉलर माझ्या मुठीत आली असती. बाप दोन पावलांवर होता.

एक दम होता माझ्याकडे.

मी दार लोटलं आणि कडी लावली. कडी पडली नाही. कडी पडत नसते. ती जाड लोखंडाची होती, वर उचलून कोयंड्यात बसवावी लागायची. मी ती दोन्ही हातांनी बसवली, बाप माझ्या मागे येऊ नये म्हणून, आणि वर घट्ट धरून उभी राहिले. आतून अकरा फटके ऐकले. चौथा बक्कलाचा होता, तो वेगळा वाजला. बारक्या "ताई, दार" असं म्हणत होता, बाहेर ढकलत होता, लाकूड माझ्या तळव्यांना जाणवत होतं. सातव्यानंतर ढकलणं थांबलं. मी तरी कडी सोडली नाही. बाप दमून परत जेवायला बसला, ताट सरकल्याचा आवाज आला, तेव्हा सोडली.

दुसऱ्या दिवशी मी स्क्रू काढून कडी उपटली आणि बापाला सांगितलं की ती तुटली. त्या दाराला आजतागायत कडी नाही. दुकानात चोरी झाली दोनदा, तरी बसवली नाही.

बारक्या, मी तुला आत ठेवून कडी लावली. भीती वाटली म्हणून लावली. माणूस जड असतो हे खोटं. तुझा कान माझ्यामुळे गेला आणि चार वर्षांपूर्वी त्याच कानावर मी पुन्हा मारलं. नववा नियम मी एवढ्यासाठीच केला होता की कुठल्या तरी जगात ते अशक्य असावं. आणि मी सगळ्यांना त्या जगात बावीस वर्षं मरायला लावलं.

कलम आठ. ती कडी पत्र्याच्या डब्यात, तेल लावून ठेवली आहे. ती बारक्याची. त्याने ती वितळवावी, फेकावी, माझ्या डोक्यात घालावी, त्याच्या मर्जीचा प्रश्न आहे.

कलम नऊ. या मृत्युपत्राची अंमलबजावणी कंपाउंडरने करावी. त्यातलं पहिलं काम मात्र मी मरायची वाट न बघता करायचं आहे. वकील म्हणाले, "अहो बाई, मृत्युपत्र मेल्यावर वाचतात." मी म्हटलं, मेल्यावर मला शिव्या ऐकू यायच्या नाहीत, आणि त्या ऐकायच्या आहेत. तेव्हा कंपाउंडरने कलम सहापासून पुढची नक्कल उद्याच कारखान्यात घेऊन जावी आणि बारक्याच्या उजव्या बाजूला बसून मोठ्याने वाचून दाखवावी. त्याने मुखवटा ओढला तरी वाचत राहावं. ठिणग्यांना घाबरू नये, जुना शर्ट घालून जावं.

येत्या रविवारी दुपारी मी वर बसलेली असेन. चादर काढलेली असेल. दैत्य अजून तीन हातांचा उभा आहे. कुऱ्हाडवाली जात्याशेजारी पडली आहे, तिच्यात थोडी धुगधुगी आहे. ढालवाला तिच्या शेजारच्या घरात आहे, पाळी त्याची आहे आणि त्याच्याकडे एक दम शिल्लक आहे. मागचं दार नुसतं ओढलं की उघडतं. तो आला नाही तर त्याला कुणी बोल लावायचा नाही. ती कुऱ्हाडवाली मग तशीच मरेल आणि कंपाउंडरने तसं वहीत लिहावं.

हे मृत्युपत्र मी दोन साक्षीदारांसमोर वाचून, समजून, सही केली आहे. दोघांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या आहेत. कंपाउंडर सही करताना नाक ओढत होता, त्यामुळे अक्षर हललं आहे. सही त्याचीच आहे.

सही : ताई

साक्षीदार एक : कंपाउंडर, दवाखान्यातला
साक्षीदार दोन : डॉक्टरीणबाई, लिहून देणारी शुद्धीवर असल्याचं मी तपासलं आहे. रागात आहे, पण शुद्धीवर आहे.

ठिकाण : दुकानावरची खोली, ठोकळ्याजवळ
दिनांक : १९ नोव्हेंबर, मंगळवार

खाडाखोडीची नोंद : परिशिष्टातल्या नवव्या नियमात "पाच" हा शब्द खोडून त्या जागी "एक" लिहिला आहे. खाडाखोड माझ्या हातची आहे, आजची आहे, आणि शेजारी मी सही केली आहे.